विद्यार्थ्यांच्या जलशाचें सूत्र

विद्यार्थ्यांचा जलसा ऐकण्याचा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांवर आलेला असेल. 'प्रसंग' हा शब्द आम्ही बुद्ध्याच योजीत आहों. परीक्षेच्या इयत्तेप्रमाणें मुलें एकामागून एक व्यासपीठावर येतात. सर्वांत लहान मुलाची पाळी येते तेव्हां श्रोते अजून जागा शोधीत असतात. आणि सर्वांत तयार विद्यार्थी वाजवूं लागतो तेव्हां आधींच्या मुलांचे आईबाप त्यांस घेऊन घरीं निघालेले असतात. अशा जलशाला आरंभ असतो व शेवटही असतो. परंतु या दोहोंना जोडणारें जें असावयाचें, तें नसतें.

हा दोष ओळखून पुष्कळ शिक्षक जलशास एकादा विषय देऊं लागले आहेत. पियानो शिकविणाऱ्यांत ही चाल विशेष आहे. पेटी शिकविणाऱ्यांनींही ती उचलण्याजोगी आहे. प्रश्न एवढाच कीं, विषय शोधावयाचा कोठें? शब्दांत कीं स्वरांत? आमचें मत स्पष्ट आहे. जें सूत्र कानाला ऐकूं येत नाहीं, तें जलशाचें सूत्र नव्हे; तो केवळ निमंत्रणपत्रिकेचा मथळा होय.

पियानोच्या वाङ्मयांतच याचा दाखला आहे. शूमान या जर्मन संगीतकारानें १८३८ सालीं बालपणाच्या आठवणींवर तेरा लहान रचना केल्या. त्यांचीं नांवें मोठीं काव्यमय आहेत. परंतु तीं आपण मागाहून दिलीं, असें त्यानें स्वतःच सांगून ठेविलें आहे. पुढें १८४८ मध्यें त्यानें मुलांसाठीं ४३ रचनांचा संग्रह केला. थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसाच्या भेटींतून तो निघाला. त्यांतील पहिल्या १८ रचना लहानांसाठीं व बाकीच्या मोठ्यांसाठीं आहेत. आधीं बोटांची शक्ति पाहावी, मग रचना करावी आणि नांव शेवटीं द्यावें, हा क्रम शिक्षकांनीं ध्यानांत ठेवावा.

हा क्रम उलटला म्हणजे काय होतें, हें पाहण्यासाठीं आपण शहर सोडूं, आणि हिंगोली जिल्ह्यांतील सिद्धेश्वर येथें असा जलसा योजावयाचा आहे असें धरूं. पूर्णा नदीवरील धरणामुळें हें गांव परिचित आहे. पियानो तेथें सहज मिळावयाचा नाहीं. पण पेटीवर पट्ट्या त्याच आणि त्याच क्रमानें असतात, व पेटीवांचून भजनी मंडळ सहसा नसतें. जवळच औंढा नागनाथ; नामदेवांच्या कीर्तनासाठीं तेथील देऊळ फिरलें ही कथा सर्वश्रुत आहे. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलेलें नर्सी याच जिल्ह्यांत. तेव्हां 'नामदेव' हाच विषय कोणालाही प्रथम सुचेल, आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु दहा मुलांनीं दहा अभंगांच्या चाली पेटीवर वाजविल्या, तर शब्दांवांचून त्यांचें परस्पर नातें कानास कळावें कसें? सूत्र निवेदकाच्या तोंडीं राहील; वाद्यांत उतरणार नाहीं. नवल असें कीं, खुद्द नामदेवांच्या पदांचा सांभाळ स्वराच्याच सूत्रानें झालेला आहे. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत त्यांचीं ६१ पदें आहेत, आणि त्या ग्रंथाचा मुख्य भाग विषयवार नव्हे, रागवार लाविलेला आहे.

सिद्धेश्वरच्या मुलांसाठीं आम्ही सुचवितों तें सूत्र पट्ट्यांवरच पडलेलें आहे. पेटी घ्या कीं पियानो घ्या, एका सप्तकांत काळ्या पट्ट्या पांच. काळी तीनला षड्ज मानून त्या क्रमानें वाजविल्या, तर भूपाचे स्वर होतात. पट्ट्या त्याच ठेवून काळी चारला षड्ज केलें कीं मधमाद सारंगाचे. काळी पांचपासून मालकंसाचे. काळी एकपासून दुर्गा रागाचे. काळी दोनपासून धानीचे. यालाच आपले शास्त्रकार मूर्च्छना म्हणतात. पट्ट्या पांच, राग पांच, आणि बदलतो तो केवळ 'सा'. ज्या मुलानें परवां प्रथमच पेटीला हात लाविला, तेंही या जलशांत खऱ्या अर्थानें भाग घेऊं शकतें.

योजना करतांना तीन गोष्टी संभाळाव्या लागतील. पहिली षड्जाची. 'सा' बदलला हें श्रोत्यांस न कळलें, तर सर्वच फसलें. म्हणून तंबोरा पांच वेळां उतरवीत-चढवीत बसण्यापेक्षां, दुसऱ्या पेटीवर नवा षड्ज आधीं कांहीं वेळ नुसता धरून ठेवावा आणि मग वादनास आरंभ करावा. दुसरी क्रमाची. नुसते आरोह-अवरोह वाजविणारें मूल आणि त्याच रागांतील गत वाजविणारा तयार विद्यार्थी यांस शेजारीं बसवावें. म्हणजे लहानांचा घोळका आधीं व मोठ्यांचा मागाहून, ही फूट उरत नाहीं. तिसरी वेळेची. सारंग मध्याह्नीचा, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, मालकंस तिसऱ्या प्रहराचा. एका बैठकींत सर्वांची वेळ साधणें नाहीं. ती साधल्याचा आव न आणतां, हा शिक्षणाचा प्रयोग आहे असें प्रारंभींच सांगून टाकावें.

जाणते म्हणतील कीं, स्वर म्हणजे राग नव्हे. खरें आहे. भूप व देसकार यांचे स्वर तेच. परंतु एकाचा वादी गंधार, दुसऱ्याचा धैवत, आणि चलनही निराळें. शिवाय पेटींत मींड नाहीं. याच व अशा कारणांस्तव नभोवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेविलें होतें. पियानोचीही उणीव तीच. मालकंसाचें गांभीर्य तुटक पट्ट्यांवर पुरतें उतरणार नाहीं, हें आम्ही कबूल करतों. परंतु हा आक्षेप आमच्या सूत्राला मारक नसून पोषकच आहे. एवढ्या थोड्या स्वरांतून इतके निराळे भाव कसे उपजतात, आणि वाद्य कोठें अपुरें पडतें, हें मुलांनीं स्वतःच्या कानांनीं ताडावें, याहून जलशाचा मोठा लाभ कोणता?

शहरांत जेथें पियानो असेल, तेथें शेवटीं पोलिश संगीतकार शोपँ याची काळ्या पट्ट्यांची प्रसिद्ध रचना ठेवावी. १८३३ सालीं छापलेल्या या रचनेंत उजवा हात जवळजवळ सर्वस्वी काळ्या पट्ट्यांवरच धांवतो. आणि तिचा आधारस्वर काळी तीन, म्हणजे आपल्या भूपाचाच षड्ज. सिद्धेश्वरास तिची जरूर नाहीं. तेथें नामदेवांचा एकादा अभंग भूपाच्या चालीवर सर्व मुलांनीं मिळून वाजवावा व गावा. त्या वेळीं सर्वांत लहान मुलाचे आईबाप घरीं निघून गेलेले नसतील. कारण त्यांचें मूल अजून व्यासपीठावरच असेल.