क्लाउस, ॲनेट कर्टिस

(२० जून १९५३ – ). किशोरवयीन वाचकांसाठी अद्‌भुत व रहस्यप्रधान कादंबऱ्या लिहिणारी अमेरिकन लेखिका. जन्म इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे. बालपणाची काही वर्षे न्यूकॅसल येथे गेली. पंधराव्या वर्षी ती आईवडिलांबरोबर अमेरिकेत वॉशिंग्टन डी. सी. येथे आली. मेरिलंड विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी (१९७६) आणि ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवी (१९७८) घेतल्यानंतर तिने मेरिलंडमधील सार्वजनिक ग्रंथालयांत बालविभागाची ग्रंथपाल म्हणून काम केले. स्कूल लायब्ररी जर्नल या नियतकालिकातून तिने पुस्तकपरीक्षणेही लिहिली. तिच्या कादंबऱ्या अवघ्या चार. तथापि त्यांपैकी ब्लड अँड चॉकलेट (१९९७) या कादंबरीमुळे वृकमानवाच्या कथेला किशोरवाङ्‌मयात गंभीरपणे विचारात घेण्याजोगे स्थान मिळाले.

क्लाउसचे लेखन तिच्या वाचनातून सरळ उगवलेले आहे. लहानपणी वडील तिला राक्षसपटांची व गुंडपटांची कथानके सांगत. भय आणि गुन्हा यांची ही जोडी तिच्या लेखनात अखेरपर्यंत टिकून राहिली. चौदाव्या वर्षी तिच्या हाती जेन गॅस्केल या इंग्रज लेखिकेची द शायनी नॅरो ग्रिन (१९६४) ही रक्तपिपासू पिशाचाविषयीची कादंबरी पडली. गॅस्केलने स्वतःची पहिली कादंबरी कुमारवयातच लिहिली होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या वाचनाच्या भरात क्लाउसने पिशाचविषयक कविता लिहिल्या आणि त्यांतूनच पुढे द सिल्व्हर किस (१९९०) ही तिची पहिली कादंबरी आकारास आली. कर्करोगाने मरणपंथास लागलेल्या आईची मुलगी आणि शतकानुशतके मरण न येणारा तरुण यांची ही कथा. तिच्यातही गावात होणाऱ्या खुनांचा माग आहेच. एलियन सीक्रेट्स (१९९३) मध्ये हाच माग अंतराळयानावर काढला जातो.

वृकमानवाची कल्पना यूरोपात फार जुनी. झ्यूसच्या कोपाने लांडगा झालेल्या लायकाओन राजाची कथा ऑव्हिडने सांगितली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये अशा आरोपावरून खटले चालले व माणसे जाळली गेली. १५९८ मध्ये झ्युरा प्रदेशातील गांदियों हे कुटुंब असेच बळी पडले. ब्लड अँड चॉकलेटच्या नायिकेचे आडनाव हेच आहे. हा योगायोग नव्हे. ग्रंथपालाच्या वाचनाची ही खूण होय. विसाव्या शतकात द वुल्फ मॅन (१९४१) सारख्या चित्रपटांनी वृकमानवाला शापित, दयनीय व चांदीच्या शस्त्राने मरणारा प्राणी म्हणून रूढ केले. क्लाउसने चांदी ठेवली, परंतु शाप काढून टाकला. तिचे वृकमानव जन्माने तसे आहेत. त्यांना कुळ आहे, कायदा आहे, नेतृत्वासाठीच्या झुंजी आहेत. रूपांतर ही त्यांच्या दृष्टीने यातना नसून सुख आहे. सोळा वर्षांची व्हिव्हियन आरशासमोर स्वतःवर खूष असते. किशोरकादंबरीतील नायिका सहसा स्वतःच्या देहाविषयी लाजत असते. येथे ती लाज नाही, आणि कादंबरीतील सर्वांत जिवंत पाने याच आनंदाची आहेत.

कळपातील एकाने मानवी मुलीचा जीव घेतल्यामुळे गावकऱ्यांनी लावलेल्या आगीत व्हिव्हियनचा बाप, म्हणजे कळपाचा नायक, मरण पावतो आणि उरलेला कळप मेरिलंडच्या एका उपनगरात लपून राहू लागतो. वृकांवर कविता लिहिणाऱ्या एडन या मानवी मुलावर व्हिव्हियनचे मन जडते. त्याच्यापुढे ती आपले खरे रूप प्रकट करते. कवितेतला लांडगा आवडणारा हा मुलगा प्रत्यक्ष लांडगा पाहून भयाने गोठतो. त्यानंतर गावात खून होतात. स्मृती हरपलेल्या रात्रीनंतर व्हिव्हियन रक्ताने माखलेली जागी होते. खुनी आपणच तर नाही ना, हा प्रश्न तिला पडतो. शोध घेणारी आणि संशयित या येथे एकच व्यक्ती आहेत. स्टीव्हन्सनच्या डॉ. जेकिल आणि मि. हाइडच्या कथेपासून (१८८६) ही युक्ती परिचित असली, तरी क्लाउसने तिला निराळे वळण दिले आहे. खून कळपातल्याच ॲस्ट्रिड व रेफ यांनी केले असून व्हिव्हियनवर आळ यावा अशी योजना त्यांनी केलेली असते. दोष स्वभावाचा नसून विशिष्ट व्यक्तींच्या कृत्यांचा आहे, असा निवाडा रहस्याच्या उकलीतूनच मिळतो. रहस्यकथेचा असा अर्थपूर्ण उपयोग या प्रकारात क्वचितच आढळतो.

कादंबरीचे नाव हेर्मान हेसेच्या डेअर स्टेपनव्होल्फ (१९२७) या कादंबरीतून घेतलेले आहे. अर्धा मनुष्य व अर्धा लांडगा हे द्वैत खोटे आहे, एका माणसात असंख्य जीव नांदतात, असे हेसे त्या कादंबरीत सुचवितो. गोळी लागल्यावर व्हिव्हियन दोन रूपांच्या मध्येच अडकून पडते, तो प्रसंग हेसेच्या या विचाराच्या अगदी जवळ जाणारा आहे. ती विद्रूप अवस्था लेखिकेने आणखी काही काळ सहन करावयास हवी होती. तसे न करता कळपाचा नवा नायक गेब्रिएल याच्या प्रेमाने ती तिला चटकन मोकळी करते. वयाने बराच मोठा आणि प्रारंभी नायिकेला नकोसा वाटणारा हा पुरुष अखेरीस उत्तर म्हणून पुढे येतो, हे पटत नाही. एडनचे चित्रणही फिके आहे. तो भित्रा ठरावा यासाठीच जणू त्याची योजना झाली आहे.

कादंबरीतील मोकळ्या देहभावनेमुळे अमेरिकेतील शाळांत व ग्रंथालयांत तिच्यावर आक्षेप घेतले गेले. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०००–०९ या दशकातील सर्वाधिक आक्षेपित अशा शंभर पुस्तकांची जी यादी केली, तिच्यात ही कादंबरी आहे. मुलांच्या हाती पुस्तके देणे हाच जिचा व्यवसाय, तिच्याच पुस्तकाच्या वाट्याला हे यावे, यात काहीसा उपरोध आहे.

काट्या फोन गार्नियर हिने दिग्दर्शित केलेला याच नावाचा चित्रपट २००७ मध्ये आला. त्यात कथा बूकारेस्टला नेली असून गेब्रिएलला खलपुरुष केले आहे आणि नायिका मानवी प्रियकराबरोबर निघून जाते. मूळ शेवट दुबळा असला, तरी त्यात नायिका आपल्या जातीचा त्याग करीत नाही. चित्रपटाने नेमका तोच मुद्दा सोडून दिला. फ्रीक्स : अलाइव्ह, ऑन द इनसाइड (२००६) ही क्लाउसची चौथी कादंबरी. तिचा नायक विचित्रदेही कलावंतांमध्ये वाढलेला, परंतु स्वतः अगदी सर्वसाधारण देहाचा मुलगा आहे; व्हिव्हियनची अडचण येथे उलट्या बाजूने मांडलेली दिसते.