लायक कोण? थॉरच्या कॉमिकविषयी

आता थॉरकडे येऊ. नॉर्स पुराणातला हा देव स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांनी १९६२ साली मार्व्हलच्या 'जर्नी इन्टू मिस्टरी'च्या ८३व्या अंकात आणला, तो डोनाल्ड ब्लेक या लंगड्या डॉक्टरच्या देहातून. नॉर्वेतल्या गुहेत त्याला काठी सापडते; आपटली की तिचा हातोडा होतो. त्यावर अट कोरलेली: धरणारा लायक असेल तरच थॉरचं बळ मिळेल. मंडळी, ही अट एड्डा काव्यांत नाही बरं का! तिथे थ्रिम नावाचा दैत्य हातोडा सरळ चोरून नेतो. लायकीचा प्रश्न कॉमिकवाल्यांचा स्वतःचा, आणि आम्हाला तोच मोलाचा वाटतो.

पण १९६८मध्ये उलगडा झाला, की ब्लेक मुळात नव्हताच. गर्विष्ठ मुलाला नम्रता शिकवायला ओडिनने रचलेलं ते सोंग! इथे आमची तक्रार आहे. लंगडणारा माणूस लायक ठरला होता, तोच खोटा झाला. उरला देव, स्वतःच्याच वस्तूला लायक. यात कसली आली परीक्षा?

२०१४मध्ये लेखक जेसन एरनने हातोडा जेन फॉस्टरला दिला. ही पूर्वी ब्लेकच्याच दवाखान्यातली नर्स, आता कॅन्सरची रुग्ण. थॉर होताना अंगातली केमोथेरपी धुऊन निघते, कॅन्सर तसाच राहतो. तरी ती हातोडा उचलते.