परीकथेचे आधुनिक पुनर्कथन आणि बालशिक्षण : जान्नी रोदारी यांच्या पद्धतीचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :
परिचित परीकथा आजच्या काळात आणून मुलांना ती नव्याने सांगावयास लावणे, हा भाषाशिक्षणातील एक उपयुक्त उपक्रम मानला जातो. इटालियन बालसाहित्यिक जान्नी रोदारी (१९२०-१९८०) यांनी त्यास वैचारिक बैठक दिली. १९७२ मध्ये रेज्जो एमीलिया येथे शिक्षकांशी झालेल्या त्यांच्या चर्चांतून 'कल्पनाशक्तीचे व्याकरण' (१९७३) हा ग्रंथ सिद्ध झाला. प्रस्तुत लेखात त्यातील दोन पद्धतींची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
पहिल्या पद्धतीत मुलगी, रान, फुले, लांडगा, आजी या शब्दमालिकेत रोदारी 'हेलिकॉप्टर' हा शब्द घालतात. 'लाल टोपीवाली'ची ठरलेली वाट मोडते व पुढील प्रसंग मुलाला स्वतः जुळवावे लागतात. दुसरी पद्धत अधिक सखोल आहे. 'सिंड्रेला'तील पात्रे प्रथम अक्षरचिन्हांत मांडली जातात. उरतात ते केवळ परस्परसंबंध. त्यांवर नवी कथा उभी राहते : मोडेनातील धुलाईच्या दुकानात राबणारी गरीब नातलग डेल्फिना आणि मंगळावरील नृत्यसमारंभ.

संबंध शोधण्याची ही मधली पायरी गाळल्यास आधुनिकता केवळ सजावट ठरते. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये अद्भुतकथेची ३१ कार्ये सांगितली. 'मनाई' व 'मनाईचा भंग' ही त्यांपैकी दोन होत. ग्रिमबंधूंच्या पाठात (१८१२) आई मुलीला वाट न सोडण्याची ताकीद देते. आता मुलीच्या हाती टोपलीऐवजी मोबाईल दिला, तर एका फोनने आजीची खुशाली कळते आणि कथाच संपते. मात्र 'अनोळखी संदेशाला उत्तर देऊ नकोस' ही मनाई ठरली आणि आजीच्या नावाने लांडग्याचा संदेश आला, की मनाई, भंग व फसवणूक ही तिन्ही कार्ये पुन्हा जिवंत होतात.

तथापि या पद्धतीस एक मर्यादा आहे. 'अ ही ब च्या घरी राहते' एवढ्याने सिंड्रेलाचे राखेतील कष्ट व्यक्त होत नाहीत. रोदारी स्वतः नायिकेला धुलाईच्या दुकानात ठेवून ते कष्ट परत आणतात. परंतु ही निवड सूत्रातून येत नाही, ती लेखकाच्या सामाजिक जाणिवेतून येते. म्हणून कथेतून काय वगळावयाचे व काय राखावयाचे, याची चर्चा शिक्षकाने मुलांशी करणे अगत्याचे आहे.

अशा बदलाने मूळ कथेची हानी होते, हा आक्षेपही टिकत नाही. शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या पाठात आईची ताकीद नाही, सुटकाही नाही. मुलगी लांडग्याच्या पोटातच राहते. सोडविणारा शिकारी ग्रिमबंधूंच्या पाठात येतो. म्हणजेच ही कथा काळानुसार पूर्वीपासूनच बदलत आली आहे.

निष्कर्ष :
पुनर्कथनाचे मूल्यमापन करताना मुलाने किती आधुनिक वस्तू आणल्या, हे मोजणे व्यर्थ होय. जुन्या कथेतील कोणते काम नव्या वस्तूने केले, हे पाहावयास हवे. या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारे मूल कथेची रचना आणि आपल्या काळातील धोका, दोन्ही ओळखू लागते. या उपक्रमाचे खरे शैक्षणिक मोल यातच आहे.