लेझर प्रिंटरवर चोरीचा आळ

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या तीन लेझर प्रिंटरांवर २००८ साली चित्रपटांच्या चोरीचा आळ आला. हॉलिवुडच्या बड्या चित्रपट कंपन्यांच्या संघटनेने तशी रीतसर पत्रे पाठवली होती. ‘आयर्न मॅन’ आणि इंडियाना जोन्सचा त्या वर्षी प्रदर्शित झालेला चित्रपट या यंत्रांनी इंटरनेटवरून बेकायदा उतरवून घेतला, असा त्यांतील आरोप होता. कागदावर छापण्यापलीकडे ज्याला काही येत नाही अशा यंत्राला चित्रपटाची हौस असावी, ही गंमतच. परंतु याच पुराव्याशी जवळचे नाते असलेल्या पुराव्यावर त्या देशात हजारो माणसांवर दावे लावले गेले होते, आणि त्यांच्या दृष्टीने त्यात गमतीचे काही नव्हते.

या दाव्यांची चर्चा बहुधा कायदा आणि नीती यांच्या अंगाने होते. आम्ही येथे ती मोजमापाच्या अंगाने करणार आहोत. उपकरणाने दिलेल्या आकड्यावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी त्या उपकरणाची चूक किती, हे विचारायचे असते. अकरावीच्या प्रयोगवहीतही आपण ते विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो. या दाव्यांत मात्र तो रकाना कोराच राहिला, अशी आमची तक्रार आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १९९९ च्या जूनमध्ये शॉन फॅनिंग या तरुणाने ‘नॅपस्टर’ ही संगणक-प्रणाली लोकांसाठी खुली केली. तिच्यामुळे एकाच्या संगणकातील गाणे दुसऱ्याला थेट उतरवून घेता येऊ लागले. गाणी लोकांच्या घरच्या संगणकांतच राहत. कोणाकडे कोणते गाणे आहे याची यादी तेवढी नॅपस्टरच्या मध्यवर्ती संगणकावर असे. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात दावा लावला आणि जुलै २००१ मध्ये नॅपस्टरची ही सेवा बंद पडली. यादी एका जागी होती म्हणून ती बंद करता आली. पुढे आलेल्या ‘काझा’सारख्या प्रणालींनी ही मध्यवर्ती यादीच काढून टाकली. तेव्हा कंपन्यांनी आपला मोर्चा घराघरांतील वापरणाऱ्यांकडे वळवला.

८ सप्टेंबर २००३ रोजी एकाच दिवशी २६१ जणांवर दावे दाखल झाले. या पहिल्या तुकडीत न्यूयॉर्कमधील बारा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आईने दोन हजार डॉलर देण्याचे कबूल करून लगोलग प्रकरण मिटवले. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी हे घाऊक दाव्यांचे धोरण २००८ च्या अखेरीस सोडून दिले, तोवर या कारवाईच्या कक्षेत सुमारे ३५ हजार लोक आले होते.

आरोपी शोधण्याची रीत अशी होती. कंपन्यांनी नेमलेली तपास-संस्था एखाद्या सामान्य वापरणाऱ्याप्रमाणे या जाळ्यात शिरे, कोणत्या आयपी क्रमांकावरून कोणती गाणी देऊ केली जात आहेत ते पाही आणि क्रमांक व वेळ टिपून ठेवी. मग इंटरनेट-सेवा पुरवणाऱ्या कंपनीला विचारायचे, की या वेळी हा क्रमांक तुमच्या कोणत्या ग्राहकाकडे होता? डिसेंबर २००३ मध्ये तेथील एका अपील न्यायालयाने नुसत्या मागणीपत्रावर नावे देण्यास मनाई केली. तेव्हापासून कंपन्या ‘जॉन डो’ या कल्पित इसमावर आधी दावा लावू लागल्या आणि खरे नाव नंतर न्यायालयामार्फत मागवू लागल्या.

येथे आयपी क्रमांक म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. सर्वांत जास्त काळ वापरात असलेल्या पद्धतीत हा क्रमांक ३२ बिटांचा असतो, म्हणजे असे क्रमांक जास्तीत जास्त २ चा ३२ वा घात इतके, सुमारे ४२९ कोटी, होऊ शकतात. एवढ्या मोठ्या जगाला हे पुरत नाहीत. म्हणून दोन युक्त्या केल्या जातात. एक, तोच क्रमांक वेगवेगळ्या ग्राहकांना आळीपाळीने द्यायचा. दोन, एका घरातील किंवा संस्थेतील सर्व संगणकांनी मिळून बाहेर एकच क्रमांक वापरायचा. पहिल्या युक्तीमुळे वेळेची नोंद फार महत्त्वाची ठरते. तपास करणाऱ्याचे घड्याळ आणि सेवा-कंपनीचे घड्याळ यांत थोडा फरक असला, किंवा वेळ लिहिताना कालविभागाची गफलत झाली, तर क्रमांक बरोबर आणि ग्राहक भलताच, असे होऊ शकते. दुसऱ्या युक्तीमुळे ग्राहक बरोबर सापडला तरी माणूस सापडत नाही. शाळेच्या कार्यालयात एकच दूरध्वनी असतो आणि बिल मुख्याध्यापकांच्या नावे येते. एखाद्या दुपारी त्यावरून कोणी नको तो फोन केला, तर बिलावरून शाळा कळते. फोन शिपायाने केला, की पालकाने, की खिडकीतून हात घालणाऱ्या एखाद्या वात्रट मुलाने, हे बिलात कुठे असते?

अशा चुका प्रत्यक्षात झाल्या. २००३ च्या पहिल्याच तुकडीत मॅसॅच्युसेट्समधील साठी उलटलेल्या एका शिल्पकार बाईंवर, ‘काझा’ वापरून दोन हजारांहून अधिक गाणी वाटल्याचा आरोप होता. त्यांचा संगणक मॅकिंटॉश होता आणि त्यावर ‘काझा’ चालतच नसे. दावा मागे घेण्यात आला. २००५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील ८३ वर्षांच्या एका आजींवर दावा लागला. आजी त्यापूर्वीच वारल्या होत्या आणि हयातीत त्यांच्याकडे संगणक नव्हता. तोही दावा मागे घेतला गेला. कंपन्यांचे म्हणणे असे, की हे अपवाद आहेत. असतीलही. पण अपवाद शेकडा किती? हा साधा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, कारण ते शोधण्याची सोयच कोणी केली नव्हती.

वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल पियाटेक, तादायोशी कोनो आणि अरविंद कृष्णमूर्ती यांचे काम आम्हांला मोलाचे वाटते ते याच कारणाने. ‘बिटटॉरेंट’ या पद्धतीत एखादी फाईल कोण कोण घेत आहे याची यादी ‘ट्रॅकर’ नावाच्या संगणकावर असते. या संशोधकांनी जाळ्याच्या अभ्यासासाठी हजारो याद्यांत आपल्या संगणकांची नावनोंदणी केली, पण एकही फाईल उतरवली नाही आणि एकही कोणाला दिली नाही. तरीही २००७ आणि २००८ मध्ये मिळून त्यांना चोरीचा आरोप करणारी चारशेहून अधिक पत्रे आली. काहीच न केलेल्या माणसावर आरोप येतो, हे त्यांना आधी योगायोगाने दिसले आणि मग त्यांनी ते मुद्दाम करून पाहिले. काही ट्रॅकर, नाव नोंदवणाऱ्याने स्वतःचा म्हणून सांगितलेला क्रमांक पडताळा न घेता मान्य करीत. संशोधकांनी आपला क्रमांक म्हणून विद्यापीठातील प्रिंटरांचे क्रमांक कळवले. पत्रे आली! तपास-संस्था नुसती यादी वाचून पत्रे पाठवीत होत्या, त्या क्रमांकाशी प्रत्यक्ष संपर्क साधून फाईल मागून पाहत नव्हत्या, हे यातून उघड झाले. ज्याचे उत्तर आपल्याला पक्के ठाऊक आहे असा नमुना उपकरणासमोर ठेवून उपकरण तपासायचे, ही प्रयोगशाळेतली नेहमीची रीत. ती येथे तिऱ्हाइतांनी वापरली. ज्यांचे उपकरण होते, त्यांनीच ती आधी वापरायला हवी होती.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रिंटरांना आली ती फाईल काढून टाकण्याची सूचनापत्रे होती, दावे नव्हते. ‘काझा’च्या दाव्यांत तपास-संस्था त्या संगणकाशी प्रत्यक्ष जोडणी करून काही गाणी उतरवून पाही, म्हणजे तेथे क्रमांकाचा पुरावा अधिक भक्कम होता. आरोप झालेल्यांपैकी पुष्कळांनी गाणी खरोखरच वाटली असणार, याबद्दल आम्हांला शंका नाही. बॉस्टनच्या गाजलेल्या खटल्यात भौतिकशास्त्राच्या एका संशोधक विद्यार्थ्याने साक्षीच्या पिंजऱ्यात तसे स्वतःच कबूल केले. गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला त्याच्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत. अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची वार्षिक उलाढाल १९९९ मधील सुमारे १४.६ अब्ज डॉलरांवरून पुढील पंधरा वर्षांत निम्म्याहून खाली आली, हेही खरे आहे. त्यातला किती भाग फुकट वाटपामुळे, यावर अर्थतज्ज्ञांचे एकमत नाही, आणि त्या वादात आम्ही शिरत नाही.

आमचा मुद्दा चुकीच्या प्रमाणाचा आहे. समजा, ही पद्धत शंभरात ९९ वेळा बरोबर माणूस दाखवते. (हा आकडा केवळ उदाहरणासाठी.) तरी ३५ हजारांत ३५० निरपराध माणसे निघतात. ती कोण, हे कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पुराव्याची न्यायालयात तपासणी. आणि तोच मार्ग पैशाने बंद झाला होता. आरोप झालेल्याला तडजोडीसाठी बहुधा तीन-चार हजार डॉलर मागितले जात. लढायचे म्हटले तर? ओक्लाहोमातील एका आईने लढायचे ठरवले. तिच्यावरील दावा कंपन्यांनी मागे घेतला आणि २००७ मध्ये न्यायाधीशांनी तिचा वकिलाचा खर्च कंपन्यांनी द्यावा असा आदेश दिला. ती रक्कम सुमारे ६८ हजार डॉलर होती. आपण निर्दोष आहोत हे ठाऊक असलेल्या शहाण्या माणसानेही हा हिशेब करून तडजोडीच्या कागदावर सही केली असेल. अशी प्रत्येक सही कंपन्यांच्या नोंदीत ‘पुरावा बरोबर ठरला’ या बाजूला जमा होते. जेथे चूक निघण्याची शक्यता जास्त तेथेच तपासणी थांबते, अशा मापनपद्धतीला आम्ही आमच्या क्षेत्रात विश्वासार्ह म्हणणार नाही.

जी थोडी प्रकरणे शेवटपर्यंत चालली, त्यांत दुसऱ्या एका मोजमापाचे हसे झाले. मिनेसोटातील एका बाईंवर २४ गाण्यांबद्दल खटला चालला. येथे पुरावा नुसत्या क्रमांकाचा नव्हता. जाळ्यातील टोपणनाव त्या इतरत्रही वापरत असत, आणि ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले. पण भरपाई किती? अमेरिकी कायद्यानुसार प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही दर गाण्याला ७५० डॉलरपासून, आणि गुन्हा जाणूनबुजून असेल तर १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई ठरवता येते. पट्टीच्या दोन टोकांत दोनशे पटींचे अंतर! २००७ च्या ज्यूरीने २,२२,००० डॉलर ठरवले. त्या सुनावणीत कायदा समजावण्यात चूक झाली म्हणून खटला पुन्हा चालला आणि २००९ च्या ज्यूरीने १९,२०,००० डॉलर ठरवले. न्यायाधीशांनी ते ५४ हजारांवर आणले. कंपन्यांना ते मान्य नव्हते. २०१० मध्ये तिसऱ्या ज्यूरीने १५ लाख म्हटले, न्यायाधीशांनी पुन्हा ५४ हजार केले आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाने अखेर पहिला आकडा कायम केला. बाई त्याच, गाणी तीच. त्या काळी असे एक गाणे इंटरनेटवर रीतसर विकत घ्यायला ९९ सेंट पडत. पहिल्या दोन ज्यूरींच्या आकड्यांत साडेआठ पटींहून अधिक फरक आहे. लंबकाच्या प्रयोगात एका गटाचे गुरुत्वीय त्वरण ९.८ आले आणि दुसऱ्याचे ८५, तर आपण दोन्ही वह्यांवर लाल रेघ ओढू आणि लंबकाची लांबी पुन्हा मोजायला लावू.

गाण्यांच्या कंपन्या थांबल्या तरी चित्रपटवाल्यांचे दावे पुढे चालू राहिले, आणि न्यायालये हळूहळू शहाणी झाली. २०१८ मध्ये अमेरिकेतील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ‘द कॉब्लर’ या चित्रपटाच्या दाव्यात स्पष्ट केले, की इंटरनेटची जोडणी ज्याच्या नावे आहे एवढ्यावरून त्याने चोरी केली असे म्हणता येत नाही, आणखी काहीतरी पुरावा हवा. त्या प्रकरणातील ग्राहक प्रौढांसाठी देखभालगृह चालवीत होता आणि तेथील रहिवासी व पाहुणे तीच जोडणी वापरत असत.

आपल्याकडे जॉन डोच्या जागी ‘अशोक कुमार’ हा कल्पित इसम असतो. मात्र येथील चित्रपट कंपन्यांचा रोख घरोघरच्या प्रेक्षकांपेक्षा संकेतस्थळे बंद करवून घेण्यावर राहिला. त्यातही पत्त्याची गफलत झालीच. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशा आदेशानंतर सेवा-कंपन्यांनी संपूर्ण संकेतस्थळेच बंद करून टाकली, आणि आदेश विशिष्ट पानांपुरता आहे असा खुलासा न्यायालयाला करावा लागला. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट बंदी देण्याचे नाकारले आणि कोणते पान, त्यावर नेमके काय आहे, हे पडताळून आणा असे निर्मात्यांना सांगितले.

आठवी-नववीच्या वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर साहित्य शाळेतच आहे. संगणक-कक्षातील सगळ्या संगणकांवर, ‘माझा आयपी क्रमांक काय’ हे दाखवणारे एखादे पान एकाच वेळी उघडायला सांगावे. बहुतेक शाळांत सगळ्या पडद्यांवर एकच क्रमांक दिसेल. तो फळ्यावर लिहावा. मग एका विद्यार्थ्याला वर्गाबाहेर पाठवावे, त्याच्या माघारी कोणा एकाने इंटरनेटवरून एखादे चित्र उतरवून घ्यावे, आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला आत बोलावून फळ्यावरच्या क्रमांकावरून तो कोण, हे ओळखायला सांगावे.