पितळ उघडे पडले

तीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवले आणि फावल्या वेळात दुसऱ्यांच्या पुस्तकांची हजामत केली. अर्थात बिनपाण्याने. स्वतःची मात्र पाण्याने, साबणाने आणि चार दिवसांत फेकून द्यायच्या प्लॅस्टिकच्या रेझरने. त्यामुळे आयुष्यात कधीतरी एका रेझरचेच परीक्षण लिहावे लागेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात गावचे पडके घर आवरले आणि आईला कायमची भंडाऱ्याला आणली. आई नव्वदीला टेकलेली. तिच्याबरोबर बाबांची हिरवी फौजी ट्रंक आली. ट्रंकेच्या तळाशी एका फडक्यात रेझर गुंडाळलेला होता. डोके लहान, बिजागरीचे झाकण, खाली कंगव्यासारखे दात आणि मूठ काळवंडलेली. मला वाटले, चांदीचा असावा. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. तेव्हा तो एका जुन्या कारागिराकडे नेला. त्याने चिंच लावून घासला आणि म्हणाला, "मास्तर, वरचं निकल उडून गेलं. आत अस्सल पितळ हाये."

"म्हणजे पितळ उघडं पडलं म्हणा की!" मी माझ्याच कोटीवर खूश होऊन हसलो. तो हसला नाही. "पितळ उघडं पडलं तरच आमचं पोट भरते," म्हणाला आणि पैसे मागितले.

आता आकृतिबंधाविषयी. हा रेझर एकधारी, एव्हर-रेडी नावाचा, अमेरिकन बनावटीचा. आपण 'सेफ्टी रेझर' म्हटले की जिलेटचे नाव घेतो. पण १९०३ साली जिलेटचा रेझर बाजारात आला, तेव्हा पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. त्याच्या आधी, १८८० साली, न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी एकधारी सेफ्टी रेझरचे पेटंट घेतले होते. तेव्हा आमचा नायक थोरल्या पातीचा. पण पुढे दुधारी धाकट्याने दुकान मांडले आणि थोरल्याला अडगळीत जावे लागले. हे आपल्याकडे घराघरांत घडते, रेझरांतही घडले.

त्यामुळे पात्याची पंचाईत. भंडाऱ्याच्या बाजारात मागाल त्याने टोपाझ दाखवले. ते दुधारी. सलूनवाले ब्लेड मधोमध मोडून अर्धे वस्तऱ्यात घालतात, तसे मीही मोडून घातले. पण एकधारी पाते दुपटीहून जाड असते आणि त्याच्या पाठीला पत्र्याचा कणा असतो. त्या कण्याच्या जोरावरच ते झाकणाखाली घट्ट बसते. माझे अर्धे पाते आत खुळखुळायला लागले. कणा नसलेल्याला नुसती धार असून भागत नाही, हे मी परीक्षणात एका कवीबद्दल लिहिले होते. ब्लेडबद्दल आता कळले. शेवटी अमेरिकेतल्या भाच्याने डझनभर पाती पाठवली. "मामा, दाढी वाढवा ना त्यापेक्षा," असे फोनवर म्हणालाही.

पहिल्या दिवशी मी रेझर हातात घेतला तो समीक्षकाच्या आवेशात. जोर दिला आणि वरून खाली ओढला. गालावर एक, हनुवटीवर दोन आणि गळ्यावर एक अशी चार अवतरणचिन्हे उमटली. वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून बाहेर आलो. सौ. म्हणाली, "अहो, हे दाढी केल्याचं लक्षण आहे की पेपर वाचल्याचं?"

रेझरचा यात काही दोष नव्हता, हात माझा होता. तुरटी फिरवत महिनाभर अभ्यास केला तेव्हा गोम कळली. आधी कोमट पाण्याने दाढी चांगली भिजू द्यायची. मग रेझरचे झाकण गालावर सपाट टेकवायचे आणि मूठ हळूहळू खाली आणायची. पाते केसाला भिडले की बारीक करकर ऐकू येते. तिथेच थांबायचे, तोच कोन. डाव्या हाताने कातडी ताणायची, बोटभर बोटभर सरकायचे आणि दाब अजिबात द्यायचा नाही. रेझरचे वजन त्याचे काम करते. गळ्यावर केस कुठल्या दिशेने उगवतात हे बोटाने चाचपून पाहायचे, कारण तिथे ते गालासारखे सरळ खाली नसतात. मी तीस वर्षे नेमके उलटे करत आलो होतो. कोन न बघता दाब द्यायचा.

तरीही सवय जात नाही. परीक्षण लिहून काढले आणि आईला वाचून दाखवले: "प्रस्तुत कृती दिसायला देखणी असली, तरी 'सेफ्टी' हे शीर्षक दिशाभूल करणारे आहे. सामान्य वाचकाचा विचार निर्मात्याने केलेला दिसत नाही. आजच्या काळात तिचे मोल केवळ हौशी संग्राहकापुरते उरते."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हौशी? तुया बाबाले कायची हौस? गावचा न्हावी आपल्या लोकायची दाढी करे नाही, म्हनून होता तो."

मी गप्प झालो.

१९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. बाबा त्यात १९४३ ला भरती झाले आणि १९४६ ला सुटून आले. रेझर तिकडून आणला. फौजेत दाढी केली नाही तर सुभेदार ओरडायचा. गावात दाढी कर म्हटले तर न्हावी ओरडायचा. त्या न्हाव्याला तरी काय म्हणावे? आमच्या गालाला वस्तरा लागला असता तर उरलेल्या गावाने त्याचे बलुते बंद केले असते. १९५० साली घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली. पण ते कलम न्हाव्याच्या धोपटीपर्यंत पोचायला आणखी पुष्कळ वर्षे लागली.

"१९५४ ले बाबासाहेब भंडाऱ्यातून इलेक्शनले उभे होते," आई सांगत होती. "माहं लग्न नवंच. सभेले जाच्या दिवशी सारी वस्ती आपल्या अंगनात. तुया बाबानं पंधरा-वीस जनायची दाढी केली. पातं बोथट झालं का काचेच्या पेल्यात आतून घासे आन् पुन्हा लावे. कोनाले कापलं नाही." त्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, ते नागपूरला दीक्षा देणार होते. तेव्हाही आदल्या दिवशी अंगणात अशीच रांग लागली होती.

"मग मला का नाही शिकवलं त्यांनी?" मी विचारले.

"तुले मिशी फुटली तवा बस स्टँडवर सलून झालं होतं ना. तुया हातात रुपया देत आन् पाठवत. पोरगा खुर्चीवर बसला पायजे, म्हनत."

मला ते सलून आठवले. १९७६ साल असेल. मी गिरकी घेणाऱ्या खुर्चीवर, गळ्याला पांढरे फडके, आणि आरशात मागे रस्त्यापलीकडे उभे बाबा. स्वतः कधी आत आले नाहीत. मला वाटायचे, बाबा चिक्कू आहेत, स्वतःच्या दाढीचा रुपया वाचवतात. ते काय बघत उभे राहायचे, हे कळायला मला पासष्टी गाठावी लागली.

त्या दिवशी माझे परीक्षण फाडले. त्याचे कपटे निदान दाढीच्या जखमांना कामाला येतील.

दुसऱ्या दिवशी मी आईसमोर अंगणात आरसा मांडून बसलो. झाकण गालावर टेकवले. आईने बघितले आणि म्हणाली, "मूठ अजून खाली घे. एवढी नोको... हां. आता चालव."