‘मूळ गेमशी किती प्रामाणिक?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना विषय सापडतो, अडतं ते प्रश्नापाशी. समजा, तुम्हाला व्हिडिओ गेमवरून बनवलेल्या बोर्ड गेमवर काम करायचंय. पहिला प्रश्न हमखास हाच सुचतो: रूपांतर मूळ गेमशी किती प्रामाणिक आहे? कादंबरीवरून सिनेमा आला की आपण हेच विचारतो ना! पण याचं उत्तर ‘बरंच’ किंवा ‘फारसं नाही’ इथेच संपतं. त्यावर प्रबंध उभा राहत नाही.

त्याऐवजी हे विचारून बघा: मूळ गेममध्ये जे काम यंत्र करत होतं, ते आता कोण करतंय?

‘स्ले द स्पायर’ घ्या. २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला हा गेम एकट्यानं खेळायचा. पत्त्यांचा संच हळूहळू जमवत, शत्रूंशी लढत मनोरा चढायचा. २०२४ मध्ये त्याचा बोर्ड गेम आला, एक ते चार जणांनी मिळून खेळायचा. मूळ गेममध्ये ‘स्ट्राइक’ हा साधा पत्ता शत्रूचं ६ नुकसान करतो, पटावर तोच पत्ता १ करतो. ‘व्हल्नरेबल’ झालेल्या शत्रूला मूळ गेममध्ये दीडपट मार बसतो, पटावर दुप्पट. का? कारण १ ची दीडपट केली तर तो वरचा अर्धा ठेवायचा कुठे? पडद्यावर हा हिशोब यंत्र गुपचूप करतं. टेबलावर तो चार माणसांनी, गप्पा मारता मारता, चुका न करता करायचा असतो.

म्हणजे बघा, ‘आकडे बदलले’ ही तक्रार नाही, तो पुरावा आहे. माणसाच्या डोक्याला आणि हाताला किती झेपेल, याचा अंदाज घेऊन अख्खं गणित नव्यानं मांडलंय. त्याची किंमतही मोजावी लागली. ‘एका गुणानं शत्रू वाचला’ अशी बारीक चुटपुट मूळ गेममध्ये लागते, ती मोठ्या आकड्यांमुळे. पटावर ती बरीचशी गेली. तरीही मी या रूपांतराला यशस्वी म्हणेन, कारण काय सोडायचं हे त्यानं आधी ठरवलेलं दिसतं.

आता ‘दिस वॉर ऑफ माइन’ बघा. पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजनं २०१४ मध्ये काढलेल्या या गेममागे सारायेव्होच्या वेढ्याची प्रेरणा आहे. वेढलेल्या शहरातली साधी माणसं कशीबशी जगवायची. गरज पडली तर म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात चोरी करायची की नाही, हे तुम्ही एकट्यानं ठरवता. २०१७ च्या बोर्ड गेममध्ये कुठलंही पात्र एका खेळाडूच्या मालकीचं नसतं. सगळे मिळून ठरवतात, आणि अंतिम शब्द त्या वेळच्या म्होरक्याचा.

इथे माझं मत दुभंगतं. एकीकडे, जे पडद्यावर एका क्लिकमध्ये होतं ते इथे तोंडानं बोलावं लागतं. ‘चोरू या’ हे मित्रांसमोर म्हणणं जड जातं, आणि हे रूपांतरानं कमावलेलं आहे. दुसरीकडे, अपराधीपणाही सगळ्यांत वाटला जातो. शिवाय पत्ते ओढा, फासे टाका, पुस्तकातला उतारा शोधा, ही यंत्राची हमाली खेळाडूंवर येते. भूक आणि थंडीऐवजी आपण सोंगट्यांची सरकवासरकवी अनुभवायला लागतो. स्ले द स्पायरनं जे ओझं कमी केलं, ते इथे बरंचसं तसंच राहिलंय.

याला सैद्धांतिक आधार हवा असेल तर येस्पर यूल यांचं ‘हाफ-रिअल’ (२००५) वाचा. पत्त्यांचा खेळ संगणकावर आणला तर नियम जसेच्या तसे उतरतात. फुटबॉल आणला तर खऱ्या मैदानावरचं बरंच काही गळतं. हा फरक ते नीट मांडतात. आपला प्रवास उलट दिशेचा आहे, पडद्यावरून टेबलाकडे. त्यांची मांडणी या दिशेनं कुठवर टिकते, हाच तुमच्या प्रस्तावाचा गाभा होऊ शकतो.

एक सावधगिरी. प्रत्येक बदलामागे हिशोबाचंच कारण नसतं. चार जणांना खेळता यावं, हा विक्रीचा निर्णयही असू शकतो. म्हणून आधी दोन्ही गेम स्वतः खेळा. मग वहीत तीन रकाने आखा: मूळ नियम, पटावरचा नियम, आणि मधलं काम आता कोण करतंय. पंधरा-वीस ओळी भरल्यावर तिसऱ्या रकान्यात जिथे उत्तर सुचणार नाही, तिथे थांबा.

तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक त्याच ओळीत असेल.