डिलिंगहॅम समितीचे दोन खंड : एक परीक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परदेशांहून येणाऱ्या लोकांच्या चौकशीसाठीं १९०७ सालीं नेमलेल्या डिलिंगहॅम समितीचे ४१ खंड १९११ मध्यें बाहेर पडले. त्यांपैकीं ३६ वा खंड गुन्ह्यांविषयीं आहे, व ५ वा वंशांचा कोश आहे. परकीयांच्या वस्तीमुळें गुन्हे वाढतात काय, हा वाद आजही मिटलेला नाहीं. म्हणून या दोन खंडांचें एकत्र परीक्षण आम्ही येथें करीत आहों.

प्रथम गुण सांगूं. ३६ व्या खंडाच्या कर्त्यांनीं न्यू यॉर्कच्या न्यायालयांचीं व शिकागोच्या पोलिसांचीं दप्तरें तपासलीं, आणि परकीयांमुळें लोकसंख्येच्या मानानें गुन्हे अधिक वाढले असें दाखविणारा समाधानकारक पुरावा नाहीं, असा निर्णय दिला. उलट, तुलनेस योग्य असे जे आंकडे मिळाले त्यांवरून परकीयांची गुन्ह्याकडे प्रवृत्ति देश्य लोकांहून कमीच दिसते, हेंही नमूद केलें. प्रचलित ग्रहाविरुद्ध जाणारें विधान सरकारी कागदांत राहूं देणें हें थोडें धैर्य नव्हे.

परंतु तोच खंड पुढें गुन्ह्यांची वर्गवारी वंशपरत्वें लावूं लागतो, तेथें आमचा मतभेद आहे. ग्रीक व रशियन यांच्या नांवांवर नगरनियमांच्या भंगाचे खटले पुष्कळ आढळतात. पण रस्त्यावर फेरी करून माल विकणारावर असे खटले व्हावयाचेच. तो धंद्याचा परिणाम, रक्ताचा नव्हे. ५ व्या खंडांतील कोश तर दक्षिण इटालियनांस तापट व उतावळे ठरवून मोकळा होतो. तेथें आधार दप्तराचा नसून पूर्वीच्या ग्रंथकारांच्या मताचा आहे. समासांतील टीप मूळ संहितेंत शिरावी, व पुढील लेखकानें ती संहिता म्हणूनच उतरून घ्यावी, हा प्रमाद पोथ्या ताडून पाहणारांस परिचित आहे; तोच येथें झाला आहे.

कायदे करणारांनीं निर्णय सोडला व वर्गवारी उचलली. १९२४ च्या कायद्यानें प्रत्येक देशाचा वार्षिक वांटा १८९० च्या खानेसुमारींतील त्या देशांत जन्मलेल्यांच्या शेंकडा २ इतका ठरविला. १८९० पर्यंत दक्षिण व पूर्व युरोपांतील लोक थोडेच आलेले असल्यानें दार मुख्यतः त्यांच्यावर मिटलें. बहुतेक आशियाई लोकांस तें बंदच झालें. १९३१ मध्यें विकरशॅम आयोगानें पुन्हा चौकशी करून परकीयांचे गुन्हे प्रमाणानें कमी असल्याचें सांगितलें. तथापि मूळ देश पाहून वांटा ठरविण्याची पद्धति १९६५ च्या कायद्यानेंच उठली.

या खंडांचा दाखला देणारानें आंकडा व त्यावर चढविलेलें विशेषण हीं वेगळीं लिहावीं, इतकीच आमची सूचना आहे.